मासा न खाणारे मठपती सर

मठपती सर मला पहिल्यांदा दिसले ते नांदेडच्या मासळी बाजारात, एका कटल्याचं वय काढताना.

ते आपले सर होणार आहेत हे तेव्हा मला माहीत नव्हतं. मी धर्माबादची. बारावीनंतर मला जनावरांची डॉक्टर व्हायचं होतं. मार्क थोडे कमी पडले आणि यादीत नाव लागलं ते लातूरकडच्या एका कॉलेजात, मत्स्यशास्त्राला. "मासा म्हणजे तरी काय, पोहणारं जनावरच की," असं म्हणून वडलांनी माझी समजूत काढली. कॉलेजात जायच्या आधी निदान मासे नीट बघून घ्यावेत म्हणून मी नांदेडच्या मावशीला घेऊन बाजारात गेले होते.

तिथं रुक्मीणबाईच्या पाटीसमोर एक गृहस्थ उकिडवे बसले होते. गळ्यापर्यंत बटणं लावलेला पांढरा शर्ट, कपाळावर विभूतीच्या तीन रेघा, खिशात स्टीलची पट्टी. त्यांनी चिमट्यानं कटल्याचं एक खवलं उपटलं, उजेडाकडं धरलं आणि भिंगातून बराच वेळ बघितलं.

"अडीच वर्षं," ते म्हणाले. "मागचा उन्हाळा याला लई वाईट गेला. उपाशी होता."

ज्या माणसानं तो कटला पसंत केला होता त्यानं हे ऐकलं, पिशवी घडी करून काखेत मारली आणि चालू लागला.

"सर, गिऱ्हाईक गेल्यावर वय काढत जा की," रुक्मीणबाई म्हणाली. "तुमी माशाची कुंडली मांडून राहिले, इकडं माझा धंदा बसला."

"घाई न्हाई, घाई न्हाई," असं म्हणत त्यांनी खवलं कागदात गुंडाळलं आणि वर बारीक अक्षरात काहीतरी लिहिलं. मावशीनं सहज विचारलं, "चांगला असतो का हो हा खायला?"

"काय की," ते म्हणाले. "मी खात न्हाई."

पंधरा दिवसांनी पहिल्या तासाला तोच पांढरा शर्ट वर्गात आला. "मी मठपती. औशाहून एसटीनं येतो. माशातलं मला सगळं ठाऊक हाय, चव सोडून." इतकीच ओळख. मग फळ्याकडं वळून त्यांनी एक तळं काढलं आणि आम्हा सगळ्यांना त्यात सोडलं.

सोडलं म्हणजे खरंच सोडलं. कटला वरच्या पाण्यात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. सरांनी वर्गाची तशीच वाटणी केली. पहिल्या बाकांवरचे कटले, मधले रोहू, शेवटच्या बाकांवरचे मृगळ. मी चार वर्षं रोहू होते. हजेरी घेतानाही सर मान वर न करता विचारायचे, "तळाशी आज हालचाल कमी दिसून राहिली. कुणी आलं न्हाई का?"

त्यांची तोंडी परीक्षा सगळ्या कॉलेजात गाजलेली. ते प्रश्न माणसाला विचारत नसत, माशाला विचारत. निलंग्याचा बालाजी आत गेला तेव्हा मी दाराशीच उभी होते.

"तू मृगळ हायस," सर म्हणाले. "सकाळ झाली. काय करतोस?"

"सर, चिखल खातो."

"नुसता चिखल?"

"चिखलातलं कुजलेलं पण खातो, सर."

"बरं. संगं कोण हाय तिथं?"

बालाजीनं विचार केला. "कुणी न्हाई सर. मी एकटाच."

सरांनी वही मिटली. "म्हणून नापास. तळ्यात एकटं कुणीच नसतंय. जा, शेजारीपाजारी कोण राहतंय ते बघून ये."

बालाजी खरंच विष्णुपुरीच्या धरणावर जाऊन दोन दिवस भोयांच्या नावेत बसून आला. आल्यावर त्यानं तळाच्या गोगलगायींपासून शिंपल्यांपर्यंत तीस-बत्तीस शेजाऱ्यांची नावं सांगितली. सर इतके खूश झाले की त्यांनी त्याला डब्यातली अर्धी भाकरी दिली. हा मान फार थोड्यांना मिळायचा.

सरांनी लग्न केलेलं नव्हतं. एकदाच मुलगी बघायला गेले होते, तो किस्सा ते स्वतःच सांगायचे. मुलीच्या वडलांनी विचारलं, काय करता. सरांनी सांगितलं, आणि उत्साहाच्या भरात मरळ मासळी आपल्या पिल्लांची राखण कशी करते तेही सांगितलं. आत पोह्यांना फोडणी बसल्याचा आवाज आला होता. पण पोहे काही बाहेर आले नाहीत. "मरळीचं निम्मंच सांगून झालं होतं," सर म्हणायचे. त्यांना हळहळ वाटायची ती एवढीच.

आम्ही तिसऱ्या वर्षाला होतो तेव्हाची गोष्ट. श्रावण चालू होता. आठवडाभर आभाळ गच्च भरलेलं, पण पाऊस नाही आणि ऊनही नाही. एक दिवस सकाळी सातच्या प्रॅक्टिकलला सर आले ते वर्गात शिरलेच नाहीत. कॉलेजच्या जीपमध्ये बसून त्यांनी मला आणि बालाजीला हाका मारल्या. "बाटल्यांची पेटी घ्या. लवकर." घाई हा शब्द ज्यांनी फक्त नाही म्हणायला वापरला होता, त्या माणसाच्या तोंडून 'लवकर' ऐकून आम्ही पळतच निघालो.

औशाजवळच्या एका गावातलं तळं गंगाबाई आणि तिचा नवरा किसन यांनी मासे वाढवायला घेतलं होतं. दोघांनी सरांना विचारून विचारून पिल्लं सोडली होती. त्या दिवशी पहाटे गंगाबाई काठावर गेली तर मोठमोठे कटले पोट वर करून तरंगत होते. तिनं लगेच सरांना निरोप धाडला.

आम्ही पोचलो तेव्हा बांधावर अर्धं गाव जमलं होतं. किसननं शेजारच्या लिंबाजीच्या शर्टाला धरलं होतं. लिंबाजीचं शेत तळ्याला लागून. आदल्या दिवशीच त्यानं सोयाबीनवर औषध फवारलं होतं, आणि दोघांचं पूर्वीचं भांडणही होतं.

"यानंच इख घातलं," किसन म्हणत होता. "चल ठाण्यात."

"फवारलं मी, न्हाई कुठं म्हणतो?" लिंबाजी म्हणाला. "पर वारं तिकडच्या अंगाला होतं. पान्यात थेंब गेला न्हाई."

चार-पाच पोरं लिंबाजीच्या मागं सरकली होती. आणखी थोडा वेळ गेला असता तर प्रकरण हातघाईवर आलं असतं.

सर सरळ काठावर गेले. चपला काढून विजार दुमडून ते पाण्यात उतरले, कमरेपर्यंत गेले, आणि नुसते बघत उभे राहिले. लोकांना कळेना की हा माणूस मदतीला आलाय की पोहायला. बऱ्याच वेळानं ते म्हणाले, "गंगाबाई, सगळे मोठेच मेलेत. बारकी कुठायत?"

"ती बगा ना, कडंला. तोंड वर करून राहिलीत."

"मरळ मेली का एखादी?"

गंगाबाईनं तळ्यावरून नजर फिरवली. "न्हाई वो सर. मरळ एकबी न्हाई."

"मग सोड त्याला, किसन. इख असतं तर आधी बारकी गेली असती. मरळसुद्धा वाचली नसती. मरळीला वर येऊन हवा घेता येती, म्हणून ती जगली. बाकीच्यांचा दम कोंडलाय."

"पान्यात कसा दम कोंडंल?" किसन म्हणाला. त्यानं शर्ट सोडला नव्हता. "जलम पान्यातच काढलाय त्यांनी."

"पाणी हिरवंगार झालंय बघ. हे शेवाळ उन्हात हवा सोडतंय. आठ दिवस ऊन न्हाई, तर तेच आता पाण्यातली हवा वढून घेतंय. माशाला काय उरलं?" मग ते माझ्याकडं वळले. "मी सांगून पटायचं न्हाई यांना. तू दाखव."

मी पेटी उघडली. एका बाटलीत तळ्याचं पाणी घेतलं, दुसरीत नळाचं. दोन्हींत तेच दोन रसायनांचे थेंब टाकले. पाण्यात हवा असेल तर तळाशी तपकिरी साका बसतो, नसेल तर पांढराच राहतो, एवढं मी सगळ्यांना सांगितलं. नळाची बाटली बघता बघता चहासारखी झाली. तळ्याची पांढरी राहिली. त्या दोन बाटल्या हातोहात अख्ख्या बांधावर फिरल्या. एका म्हाताऱ्यानं त्या कानाशी नेऊन हलवूनही बघितल्या. शेवटी बाटल्या किसनकडं आल्या. त्या धरायला दोन्ही हात लागले, तेव्हा लिंबाजीचा शर्ट सुटला.

लिंबाजी तडक निघून गेला. आम्हाला वाटलं, रागावून गेला. पाव तासानं तो बैलगाडीत आपलं डिझेल इंजिन आणि पाइप घालून आला. "सर, पानी वर उडवलं तर हवा शिरंल का?"

"शिरंल की," सर म्हणाले, आणि त्यांनी पहिल्यांदा कपाळावरचा घाम पुसला.

इंजिन सुरू झालं. तळ्याचं पाणी उपसून तळ्यातच कारंज्यासारखं पडू लागलं. पाइपला इतका जोर होता की तो एकट्याला आवरेना, म्हणून दुसरं टोक किसनला धरावं लागलं. दोघं एकमेकांकडं न बघता तासभर चिंब भिजत उभे होते. दुपारच्या सुमाराला बारके मासे एकेक करून खाली गेले. सर काठावर बसून बघत होते. "गेले आपापल्या मजल्यावर," ते म्हणाले.

परतताना वाट औशावरूनच होती. सर कमरेपर्यंत ओले, अंगावर शेवाळ. "घरी दोन मिनिटं थांबू. कपडे बदलतो." तीन वर्षांत त्यांचं घर आम्ही कुणी पाहिलेलं नव्हतं. जीप थांबल्यावर मात्र ते उतरेनात.

"एक सांगायचं होतं," ते म्हणाले. "आत अण्णा हायत, माझे वडील. त्यांच्यासमोर माशाचं काही काढू नका."

"त्यांना आवडत नाही का, सर?"

"त्यांना ठाऊकच न्हाई. जन्मभर मठातली पूजा केली त्यांनी." सर खाली बघत म्हणाले, "मी गणित शिकवतो. म्हणजे, घरात."

बालाजी जीपमध्येच थांबला, त्याला हसू आवरलं नसतं. सर बोळातून परस्पर न्हाणीकडं गेले आणि मी पुढच्या खोलीत जाऊन बसले. पलंगावर अण्णा टेकून बसले होते. नव्वदीला आलेले, डोळे पार गेलेले.

"कोण?"

"सरांची विद्यार्थिनी."

"गणिताची?"

"हो," मी म्हणाले.

आतून पाणी ओतल्याचा आवाज येत होता, तांब्यामागून तांब्या. अण्णा थोडा वेळ कान देऊन ऐकत राहिले. मग हळूच म्हणाले, "बाळ, डोळे गेले माझे. नाक गेलं न्हाई."

मी न्हाणीच्या दिशेनं बघितलं.

"पंचवीस-तीस वर्षं झाली. सगळ्या औशाला ठाऊक, अन् मला कसं कळणार न्हाई? आधी राग यायचा. मग डोळे गेले. आता दारातून कोण येतंय, कोण जातंय, काही कळत न्हाई. तो आला की तेवढं कळतंय. पर हल्ली लई साबण लावतो. एखाद्या दिवशी येऊन बसला तरी ध्यानात येत न्हाई."

"सांगू का मी सरांना?"

"नको नको. इतकी वर्षं जपलंय त्यानं. जपू दे."

सर आले. धुतलेला पांढरा शर्ट, ओले केस, ताज्या विभूतीच्या रेघा, हातात ताटलीत चहाचे कप. "काय चाललंय?"

"काही न्हाई," अण्णा म्हणाले. "हिला पाढे येतेत का बघत होतो. म्हण गं, सत्तावीसचा."

मी म्हणू लागले आणि सत्तावीस सातवर अडकले. "एकशे एकोणनव्वद," सरांनी पुरं केलं. मग पलंगाच्या कडेला बसून त्यांनी अण्णांच्या हातात कप दिला, आणि सांडू नये म्हणून वरून आपला हात धरून ठेवला.

अण्णांनी तो कप, त्यावरच्या हातासकट, तोंडाजवळ नेला. प्याले नाहीत. मान थोडी खाली करून त्यांनी सावकाश एक श्वास घेतला.

"आलं जास्त पडलं का, अण्णा?" सरांनी विचारलं.

"न्हाई," अण्णा म्हणाले. "बरोबर हाय."