अण्णासोंचे दोन गुंठे

जागा कशी घ्यायची हे शिकायचं असेल तर माझ्याकडं या! सातबारा बघायचा. पूररेषा कुठवर आहे ते बघायचं. रस्ता कागदावर आहे का नुसता मालकाच्या तोंडात, तेही बघायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, जागा आवडलीय हे मालकाला कळू द्यायचं नाही!

शहराबाहेर अण्णासोंची एन. ए. झालेली मोकळी जागा होती. त्यातले दोन गुंठे माझ्या बायकोच्या, विद्याश्रीच्या, मनात भरले. परत येताना तिनं गाडीवरच लिंबाचं झाड कुठं लावायचं ते ठरवून टाकलं. भाड्याच्या घरात वरच्या मजल्यावर तिचा जीव विटला होता. खालच्या मालकीणबाई आमच्या पाण्याच्या बादल्या मोजायच्या! यंदा स्वतःची जागा घ्यायचीच, असं मीही ठरवलं.

अण्णासो गुंठ्याला दहा लाख म्हणत होते. आमची पुंजी नऊच्या दराची. विद्याश्री म्हणाली, "अहो, सरळ जाऊन मागा की. माणूस भला हाय."

"सरळ? अगं, ही गुंतवणूक हाय! हितं डोकं लावाय लागतंय."

डोकं असं लावलं. शिवाजी पेठेतला माझा दोस्त सम्राट सकाळी गिऱ्हाईक म्हणून जाणार आणि सहा लाख म्हणणार. दुपारी दुसरा दोस्त उदयसिंह जाणार, तो सात म्हणणार. अण्णासोंचं तोंड पार उतरलं की संध्याकाळी आम्ही जोडीनं हजर! नऊ म्हटल्यावर ते माझ्या गळ्यातच पडणार. दोघांना एकमेकांचं काहीच सांगितलं नव्हतं. कोल्हापुरात फुटबॉलचे संघ तालमींचे; दोघांच्या तालमी वेगळ्या आणि गेल्या मॅचपासून बोलणं बंद. गुपित फुटायची भीतीच नाही!

संध्याकाळी पोचलो, तर अण्णासोंच्या दारात दोघांच्याही गाड्या.

झालं होतं असं. सम्राट सहा म्हणून उठला, तर अण्णासोंनी त्याचा हात धरला. "पावणं, येव्हार हुईल न्हाईतर न्हाय हुईल, जेवल्याबिगर जायाचं न्हाय!" मटण शिजेस्तोवर उदयसिंह टपकला. त्यालाही ताट वाढलं. जेवता जेवता तो सात म्हणाला आणि वर सम्राटकडं बघून हसला. झालं, पेटली ईर्षा!

आम्ही आत गेलो तेव्हा वाट्यांतला तांबडा रस्सा गार झाला होता.

"अकरा!" सम्राट ओरडत होता.

"साडेअकरा! आमच्या तालमीत मागं सरायची पद्धत न्हाय!"

"तुझी तालीम मला सांगतोस व्हय रं? बारा!"

अण्णासो मधे बसून मॅचच्या पंचासारखी मान फिरवत होते. मला बघून म्हणाले, "या पावणं, बसा! तुमचं काय म्हणणं?"

मी सम्राटला डोळा मारला. उदयसिंहला खुणावलं. घसा बसेपर्यंत खोकलो. पण ऐकतोय कोण! सम्राट तेरावर गेला, उदयसिंह साडेतेरावर. आणि मग उदयसिंह माझ्याकडं बोट दाखवून म्हणाला, "ह्या नव्या पावण्यांना इचारूच नका अण्णा. तोंडावरनंच दिसतंय, ह्यास्नी न्हाय झेपायचं!"

"व्हय व्हय," सम्राट हसला. "ह्यास्नी न्हाय झेपायचं!"

मॅच झाल्यापासून दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, तेही माझ्यावर! अहो, मीच पाठवलेली गिऱ्हाइकं, मीच त्यांच्या गाडीत पेट्रोल भरलेलं, आणि मलाच म्हणतात झेपायचं नाही?

विद्याश्रीनं मागून शर्ट ओढला. "अहो, गप बसा." मी गपच बसणार होतो, देवाशप्पथ!

"चौदा!"

कोण ओरडलं म्हणून मी वळून बघितलं, तर सगळे माझ्याकडंच बघत होते.

अण्णासोंनी माझा हात हातात घेतला. "शब्द?"

आता दोन तालमींसमोर दिलेला आकडा मागं घ्यायचा? कोल्हापुरात राहायचंय मला! "शब्द!" मी म्हणालो. दोन्ही खोट्या गिऱ्हाइकांनी टाळ्या वाजवल्या.

नऊच्या दरानं जमवलेल्या पुंजीत चौदाच्या दरानं एकच गुंठा बसला. खरेदी झाल्यावर आम्ही जागेवर गेलो. विद्याश्री या कडेपासून त्या कडेपर्यंत चालली, म्हणजे चालायला सुरुवात केली आणि लगेच पोचली. मग कमरेवर हात ठेवून माझ्याकडं वळली.

"एक बरं झालं," ती म्हणाली. "तुमास्नी दोनच दोस्त हायत. अजून एक असता, तर आपल्या वाट्याला नुसतं फाटक आलं असतं!"