एकाच नावाचे दोघे

चूक शोधावी तर मीच! बिस्किटांच्या कारखान्यात उभी हयात तपासनीस म्हणून काढली आहे. सरकत्या पट्ट्यावर दोन बिस्किटं चिकटून आली, की डोळ्यांच्या आधी माझा हात पुढे जायचा. त्यामुळे आमच्या घराण्याच्या वंशवृक्षाचं काम निघालं, तेव्हा माझ्यावाचून हे झाड वाळणार, याबद्दल निदान मला तरी शंका नव्हती.

आम्ही तिघे संशोधक. मी, परदेशात लोकांचे दात काढणारी माझी चुलतबहीण, आणि वडिलांचे एक लांबचे भाऊ. ते चित्रकलेचे शिक्षक होते, म्हणून सगळं घराणं त्यांना मास्तर म्हणतं. मास्तर फोनवर म्हाताऱ्या माणसांना बोलतं करायचे, बहीण जुनी दप्तरं धुंडाळायची आणि मी दोघांच्या चुका काढायचो! सगळं एका वेबसाइटवर. तिथे एकाच माणसाच्या दोन नोंदी सापडल्या तर त्या एक करता येतात, फक्त आणखी एका संशोधकाची संमती लागते.

एका सकाळी पाहतो तर काय, आईवडिलांच्या खाली मी दोनदा! नाव तेच, जन्मसाल मात्र दोन वर्षं आधीचं.

"मास्तर थकले," मी बायकोला म्हणालो. "मला फुकटचा दोन वर्षांनी म्हातारा केलाय!"

"त्यांना विचारा तरी."

"विचारायचं काय त्यात? माझा जन्म मला माहीत नाही?"

खाली सरकून उरलेली नोंद वाचायचे कष्ट मी घेतले नाहीत. दोन्ही एक करून टाकल्या. बहिणीने दोन पेशंटच्या मध्ये, न बघताच संमती दिली. मी दाढी करायला गेलो.

त्या नोंदीच्या तळाशी 'मृत' असं लिहिलं होतं. आता फोटो माझा, बायको माझी आणि पुढे 'मृत'! वेबसाइट भलतीच तत्पर. तिने घराण्यातल्या झाडून सगळ्यांना दुःखद वार्ता कळवली, तीही माझ्या फोटोभोवती फुलं लावून.

फोन वाजला. चुलतबहीण हुंदके देत होती. "वहिनी कुठे आहे? कोण बोलतंय?"

"मीच बोलतोय."

"अशा वेळी थट्टा सुचते? लाज वाटायला हवी!" तिने फोन आपटला.

तेवढ्यात बेल वाजली. दोन गल्ल्या सोडून राहणाऱ्या आत्याला आतेभाऊ धरून घेऊन आला होता. माझ्या बायकोला पाहून त्याचा बांध फुटला. "वहिनी, देवमाणूस होता हो!"

"कोण?" बायकोला खरोखरच कळेना.

आत्या थेट आईच्या खोलीत शिरली. मी अर्ध्या गालाला फेस घेऊन धावलो. दारात पोचलो तेव्हा ती आईच्या गळ्यात पडून रडत होती, "वहिनी, तुमचा मुलगा गेला हो!"

आई शांतपणे म्हणाली, "गेला ना. पण वन्सं, तुम्ही आज आलात?"

मला पाहून आतेभाऊ किंचाळला. मग खुलासे झाले, हशा झाला. आत्या डोळे पुसत, मला दोन शिव्या घालत उठायला लागली. आईने तिचा हात सोडला नाही.

"बसा ना," ती म्हणाली. "गेलाच आहे की तो."

मास्तरांना तिनेच सांगितलं होतं. माझ्याआधी एक मुलगा झाला होता. चालायला लागला आणि तापाने गेला.

"तेव्हा कुणी भेटायला आलं नाही," आई म्हणाली. "एवढंसं पोर, त्याचं काय भेटायचं! सगळे म्हणाले, दुसरं होईल. तुम्हीही म्हणालात, वन्सं."

आत्याने मान खाली घातली.

"मग हा झाला. नाव तेच ठेवलं. तेवढ्याने मी विसरेन, असं वाटलं सगळ्यांना."

इतकी वर्षं मी या बाईच्या हातचं जेवलो आणि मला पत्ता नव्हता. वर आज सकाळी, दाढीच्या आधी, मी त्याला पुसूनही टाकलं होतं! मला स्वतःची भयंकर शरम वाटली.

आई बोलत राहिली. भांडं पडलं की तो घाबरायचा नाही, टाळ्या वाजवायचा. डाव्या पायात चप्पल घालू द्यायचा नाही. कुणी बाहेर निघालं, की आपणच आधी दाराशी जाऊन बसायचा. आत्या हुंकार देत ऐकत होती आणि आता ती खरंच रडली. बायकोने पाणी आणलं. माझ्या गालावरचा फेस वाळून गेला होता. पुसायला हात वर केला आणि डोळेच पुसत बसलो.

दुपारी मास्तरांना फोन केला. "मला सांगायचंत तरी!"

"झाडावर त्याची जागा हवी, पण तुला मुद्दाम सांगू नका, असं तुझ्या आईनेच म्हटलं," मास्तर म्हणाले. "तिला वाटलं, आपलं नाव उसनं आहे म्हणून तू खट्टू होशील."

दोन्ही नोंदी वेगळ्या केल्या. आता झाडावर आम्ही शेजारी शेजारी आहोत.

एक पंचाईत मात्र झाली आहे. आई नावाने हाक मारते, तेव्हा मी चटकन ओ देत नाही. न जाणो, त्याला मारली असेल! परवा असाच गप्प राहिलो, तर खोलीतून आई ओरडली, "अरे, तुलाच! त्याला हाक मारते तेव्हा मी आवाज करत नाही."