कशेळीकरकाकांचा बर्फ

कशेळीकरकाकांसमोर आइस कचांग मागवायचं नाही, असा आमच्या घरात नियम आहे. सिंगापुरात क्वीन्सटाउनला आमच्या ब्लॉकजवळच्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मंडईत, तो फार छान मिळतो. किसलेल्या बर्फाचा डोंगर आणि वरून लाल-हिरवं सरबत. पण वाडगा टेबलावर आला की काका चमचा उगारतात.

“थांब, हात लावू नकोस. हे सरबत म्हणजे मार्च-एप्रिलमधलं वितळलेलं पाणी. वरून बर्फ कसा घट्ट दिसतोय! पण पाणी आत झिरपतं, खालच्या थराची पकड सुटते, आणि मग...” चमच्याची एक टिचकी, आणि निम्मा डोंगर माझ्या मांडीवर.

काका आमचे शेजारी. जन्म रत्नागिरीकडचा, सगळी नोकरी जहाजाच्या इंजिनरूममध्ये आणि निवृत्तीनंतर मुक्काम इथे. रत्नागिरीत बर्फ पाहिला तो मासळीवर घातलेला. इंजिनरूममध्ये घामाच्या धारा, सिंगापुरात बारा महिने उकाडा. तरी हा माणूस रोज सकाळी चहाबरोबर हिमाचलातले हिमस्खलनाचे इशारे वाचतो. लिफ्टमध्ये भेटले की गंभीरपणे सांगतात, “लाहौलला पारा चढलाय हो.” शेजारच्या चिनी आजी उगाचच काळजीने मान हलवतात.

“ऊन चढायच्या आत आपण उतरायचं” हे त्यांचं ब्रीद. एकदा पुलाउ उबीन बेटावर सायकली घेऊन गेलो होतो. तिथली टेकडी ती केवढी, पण काकांनी आम्हाला पहिल्या बोटीने नेलं आणि उन्हं तापायच्या आत खाली हाकललं. “इथे काय कोसळणार आहे, काका?” असं निखिलने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, विचारलं. “सवय मोडू नये,” काका म्हणाले.

गेल्या मार्चमध्ये आमच्या सईच्या शाळेला सुट्टी लागली आणि आम्ही मनालीची तिकिटं काढली. काकांनी ऐकलं आणि ते खुर्चीत बसलेच. “मार्चमध्ये? लेकीला घेऊन?”

दुसऱ्या दिवशी ब्लॉकखालच्या मोकळ्या जागेत आमचं प्रशिक्षण सुरू झालं. निखिलला उशा-चादरींच्या ढिगाखाली झोपवलं आणि कपडे वाळत घालायचे बांबू देऊन आम्हा दोघींना, बर्फात गाडलेला माणूस काठ्या टोचून शोधतात तसं, त्याला शोधायला लावलं. “हळू टोच गं, नवरा आहे तो!” काका ओरडत होते. येणारेजाणारे फोटो काढत होते. शेवटी काकांनी मला बाजूला घेतलं. “एवढंच लक्षात ठेव. उतारावरून बर्फाचे गोळे आपोआप गडगडायला लागले, की डोंगर सैल झालाय. मग फोटो नाही, चहा नाही. निघायचं.”

मनालीच्या वर आम्ही पोचलो तेव्हा आभाळ निळंशार होतं. सई बर्फात लोळत होती, निखिल फोटो काढत होता. ऊन तापलं तसं मी स्वेटर काढला, आणि समोरच्या उतारावरून एक गोळा घरंगळत आला. त्याच्यामागे दुसरा. मग चार-पाच.

“निघायचं,” मी म्हणाले.

“अगं, आत्ताच तर आलोय!”

“निखिल, निघायचं.”

सई रडत, निखिल धुसफुसत, असे आम्ही गावात उतरलो. दुपारी ढगांचा गडगडाट व्हावा तसा आवाज झाला. अख्खा उतार रस्त्यावर आला होता. नशिबाने तोवर वर कुणी उरलं नव्हतं. निखिलने माझा हात धरला तो संध्याकाळपर्यंत सोडला नाही. वीज गेली, फोन बंद पडले. रस्ता मोकळा होऊन रेंज मिळाली तेव्हा माझा फोन काकांच्या मेसेजेसनी नुसता थरथरत होता. शेवटचा मेसेज होता, “उत्तर नको. फक्त निळी खूण दिसू दे.”

चांगी विमानतळावर बाहेर आलो तर काका उभे. दाढी वाढलेली, शर्टाची बटणं वरखाली लागलेली.

“इथला एसी बरा असतो,” ते म्हणाले. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून हळूच बोलले, “सुधा एकदा टूरबरोबर अशीच गेली होती. ती उभी होती तिथेच तासाभराने बर्फ कोसळला. ती सुखरूप आली, पुढे कितीतरी वर्षं संसार केला आम्ही. पण तेव्हा मी भर समुद्रात होतो. बंदर लागल्यावर कळलं. ती तिथे रडत होती, आणि मी इकडे पत्ते खेळत, हसत होतो गं. काहीच माहीत नव्हतं मला.”

सुधाकाकूंना मी पाहिलं ते फक्त त्यांच्या घरातल्या फोटोत.

काका सईकडे वळले. “बर्फावर चालताना आवाज येतो म्हणे. काकू सांगायची. पण कसला, ते तिला नीट सांगता यायचं नाही.”

“लाइक कॉर्नफ्लेक्स, लाह!” सई तिच्या सिंगापुरी इंग्रजीत म्हणाली आणि पाऊल आपटत, तोंडाने ‘करर्, करर्’ करत चालायला लागली.

“हळू,” काका म्हणाले, “जरा हळू.” आणि तिच्या पावलाला पाऊल लावून, मान खाली घालून ऐकत, तिच्याबरोबर चालू लागले.