वाटीतला ओवा, खिशातला ओवा

कार्यालयाची प्रतिष्ठा तिथल्या माणसांच्या पोटावर अवलंबून असते, हे सेवानियमांत नमूद नसलं तरी सर्वमान्य आहे. एकदा जेवणाच्या सुट्टीनंतरच्या बैठकीत मोठे साहेब शिस्तीवर बोलत असताना खोलीच्या डाव्या बाजूने एक आवाज झाला. तो कुणाचा, हे चौकशी समितीला अखेरपर्यंत ठरवता आलं नाही (समितीचे सगळे सदस्य डाव्या बाजूलाच बसले होते). मात्र तिने दूरदृष्टीने शिफारस केली, की बैठकीच्या खोलीबाहेर ओव्याची वाटी ठेवावी आणि गरजूंनी त्यातला चिमूटभर घ्यावा.

योजना कमालीची यशस्वी झाली. वर्षभरात वाटीतला एक दाणाही खर्च झाला नाही, यावरून शंभर टक्के कर्मचाऱ्यांची पोटं ठणठणीत असल्याचं सिद्ध झालं. त्याच काळात कोपऱ्यावरच्या वाण्याकडची ओव्याची विक्री चौपट झाली, पण त्याचा इथे संबंध नाही. चारचौघांत वाटीत हात घालणं म्हणजे तो आवाज आपलाच होता असं कबूल करणं, एवढं व्यवहारज्ञान सगळ्यांनाच होतं.

हेडक्लार्कांचं पोट लहानपणापासून हळवं. समोरच्याने जरा आवाज चढवला की ते गुडगुडायला लागायचं. हातातोंडाशी आलेली बढती मागच्या वेळी हुकली होती आणि निवृत्ती जवळ आली होती. तेव्हा आता ठरलेली मुलाखत ही शेवटचीच संधी. सकाळी बायकोने ओव्याची पुडी त्यांच्या खिशात कोंबली.

"खाऊन जा हो. पोटाची कसली लाज बाळगायची?"

त्यांनी मान डोलावली आणि खाल्ला नाही. वास आला असता.

मुलाखत घ्यायला तीन साहेब होते. पहिला प्रश्न आला आणि हेडक्लार्कांच्या आधी त्यांच्या पोटानेच उत्तर द्यायला सुरुवात केली. दुसऱ्या प्रश्नाला तर ते इतकं सविस्तर बोललं, की मधल्या साहेबांनी पेन खाली ठेवलं. हेडक्लार्क कानकोंडे झाले. शेवटी मनाचा हिय्या करून त्यांनी पुडी काढली आणि तिघांच्या देखत चिमूटभर ओवा तोंडात टाकला. नोकरीला लागल्यापासून इतकं हलकं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

डावीकडच्या साहेबांनी उठून दार लावून घेतलं. मधल्या साहेबांनी तळहात पुढे केला.

"द्या इकडे थोडा. सकाळपासून जीव नकोसा झालाय."

उजवीकडच्यांनी उरलेली पुडीच ठेवून घेतली. तिघांनी ओवा मन लावून चावला, तिघांनाही आराम पडला, तिघांनी हेडक्लार्कांचे मनापासून आभार मानले आणि एकमताने शेरा मारला: उमेदवार कामात चोख, परंतु पचनशक्ती पदास साजेशी नाही.

हे वाचताना तुम्हाला हसू आलं असेल, तर हरकत नाही. पण मध्येच तुमचं पोट गुडगुडलं आणि तुम्ही शेजारच्या माणसाकडे रोखून पाहिलंत, तर पुढच्या मुलाखतीला साहेबांच्या बाजूला येऊन बसा. तुमची पात्रता पूर्ण आहे.