आडवं पडायला बंदी

गाद्यांच्या त्या दुकानात बसायला जागाच नव्हती. गाद्या विकायच्या, म्हणून त्यांवर बसायचं नाही. आणि खुर्ची ठेवली तर सेल्समन बसेल, म्हणून खुर्चीही नाही. दुपारपर्यंत बिचाऱ्याच्या पोटऱ्या बोलायला लागायच्या.

"पुन्हा आडवा दिसलास," मालकांनी बजावलं होतं, "तर घरी जाऊन झोप. रोजच!"

एका दुपारी दुकानात चिटपाखरू नव्हतं. सेल्समन काचेजवळच्या जाड गादीवर नुसता टेकला.

(इथे कथेत काहीच घडत नाही. तो झोपलाय.)

जाग आली तर मालक उशाशी उभे.

"चुकलो मालक! पायात गोळे आले होते म्हणून..."

"शू! उठतोस कशाला? पड!"

झालं होतं असं. मालक हात उगारून धावले, तोच बाहेरून काचेतून बघणारं एक जोडपं आत आलं. बाईंनी मालकांनाच दटावलं, "थांबा हो, किती गाढ झोपलाय! आमच्या ह्यांना अशी झोप कधी लागायची? हीच गादी द्या."

दुसऱ्या दिवसापासून सेल्समनचं काम एकच. झोपायचं.

आणि झोप येईना.

"झोप की रे!"

"तुम्ही असे टक लावून बघताय, मालक. तुम्हाला पाहिलं की काम आठवतं."

"मग हे काय आहे? पगार कशाचा घेतोस?"

मालकांनी पंखा वाढवला, दिवा मालवला. अंगाई गायची तेवढी राहिली. घरी सेल्समनला जरा डुलकी लागली की बायको गदागदा हलवायची. "अहो, उठा! सगळी झोप इथेच संपवलीत तर कामावर काय करणार? नोकरी घालवाल हातची!"

त्या धास्तीनेच गादीवर पाठ टेकली की तो टक्क जागा. शेवटी त्याने सोंग घेतलं. वर घोरायलाही लागला.

एक आजी काठी टेकत आत आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"हा जागा आहे."

"छे हो आजी, ढाराढूर झोपलाय!"

"मला शिकवता? उभा जन्म नवऱ्याची सोंगं पाहिलीत मी. पापण्या बघा कशा फडफडतायत. लोकांना फसवता होय?"

दारात माणसं जमली. गेली नोकरी, असं मनात म्हणत सेल्समनने डोळे आणखी घट्ट मिटले. मालक लगबगीने पुढे झाले.

"माणूस खोटा असेल, आजी, पण गादी खरी आहे! मीच दाखवतो. सरक रे." चपला काढून मालक शेजारी आडवे झाले. "हे बघा, पाठीला कसा आधार... कंबर कशी..."

पुढचा शब्द आलाच नाही.

सेल्समन बसत तर नाही ना, यावर नजर ठेवायला मालकही इतकी वर्षं दिवसभर उभेच होते.

मालकांचं घोरणं सुरू झालं. बेताल, खरखरीत, मध्येच अडकणारं. आजींनी कान देऊन ऐकलं.

"हं. हे अस्सल. द्या एक."

सेल्समन टुणकन उठून कामाला लागला.

संध्याकाळी मालक दचकून जागे झाले. "अरे देवा! कुणी पाहिलं का मला?"

"सगळ्यांनी. मांडलेल्या गाद्या संपल्या, आता गोदामातल्या काढतोय."

मालक ओशाळून चपला शोधू लागले. एवढ्यात काचेबाहेर एक कुटुंब थबकलं. सेल्समनने मालकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि त्यांना हलकेच मागे लोटलं.

"पडा मालक. गिऱ्हाईक आलंय."

गिऱ्हाइकापुढे मालकांचं कधी काही चाललं नव्हतं. त्यांनी मुकाट डोळे मिटले.

"कूस कुठली?" ते पुटपुटले.

"रस्त्याकडची. आणि पापण्या हलवू नका."