दाढेच्या आधी लायब्ररी

दातांच्या डॉक्टरीणबाईंचा नवरा संगणकातला जाणकार होता, आणि या दुखण्यावर बाईंच्या दवाखान्यात औषध नव्हतं. तिथला एक्स-रे दाखवणारा प्रोग्रॅम वर्षानुवर्षं बिनतक्रार चालत होता, हेच त्याला बघवलं नाही. सकाळीच त्याने तो काढून टाकला. नवी आवृत्ती सगळ्यांसाठी खुली होती. फक्त तिचे तुकडे आपल्या हातांनी जोडून घ्यायचे होते.

सुजलेला गाल धरून हेडमास्तर खुर्चीत बसले, तेव्हा संगणक मागच्या खोलीत होता आणि तुकडे जुळत नव्हते.

"अजून किती वेळ?" डॉक्टरीणबाईंनी दारातून विचारलं.

"पाच मिनिटं. लिंकर म्हणतोय, चित्रं उघडणारी लायब्ररी मिळत नाही."

"मग शोधून दे त्याला."

"अगं, त्याच्या नाकासमोर आहे."

लिंकर म्हणजे हे तुकडे जोडणारा प्रोग्रॅम, आणि लायब्ररी म्हणजे त्यातला आयता मिळणारा तुकडा. कुठली लायब्ररी घ्यायची आणि कुठून, हे त्याला आज्ञेच्या ओळीत फ्लॅग, म्हणजे छोटी सूचना, लिहून सांगावं लागतं. नवऱ्याने एक फ्लॅग लिहिला. मग दुसरा. मग इंटरनेटवर जो दिसेल तो. लिंकर ढिम्म. तेवढ्यात त्याच लायब्ररीची एक जुनी प्रत सापडली. हीच नाट लावतेय असं ठरवून त्याने ती पुसून टाकली.

स्वागतिका आत आली. "सर, बाहेरचा अपॉइंटमेंटचा स्क्रीन बंद पडलाय. तोही याच संगणकावर चालतो ना?"

"त्याचा याच्याशी काही संबंध नाही."

"आत्ता काही पुसलंत का?"

सरांनी खाली मान घालून टायपिंग वाढवलं. बाहेर आता प्रत्येकाचाच नंबर पहिला होता.

अखेर त्याने प्रोग्रॅम बनवणाऱ्यांना प्रश्न पाठवला. त्यात अर्धा मजकूर स्वतःच्या अनुभवाचा होता. कुणा अनोळखी माणसाचं उत्तर आलं: 'लायब्ररीचा फ्लॅग तुमच्या फाइलींच्या नंतर लिहा. लिंकर ओळ क्रमाने वाचतो. कुणी मागायच्या आधी दिलेलं तो घेत नाही.'

"काहीतरीच," नवरा पुटपुटला. "पुढे काय, मागे काय? ग्रुप फोटो आहे का हा?"

तरी, कुणी बघत नाही ना याची खात्री करून, त्याने फ्लॅग उचलून शेवटी ठेवला. तुकडे निमूट जुळले. पुसलेली प्रतही त्याने गुपचूप जागेवर आणली आणि संगणक पोटाशी धरून पुढच्या खोलीत धावला.

डॉक्टरीणबाई हात धूत होत्या. कपाटातली जुनी फिल्म वापरून त्यांनी एक्स-रे काढला होता, खिडकीच्या उजेडात बघितला होता, आणि दाढ आता ट्रेमध्ये होती. हेडमास्तर गालात कापूस धरून उठत होते. त्यांनी नवऱ्याचा घामेजलेला चेहरा आणि विस्कटलेले केस नीट न्याहाळले.

"झालं का तुमचं?" कापसाआडून त्यांनी मायेने विचारलं. "फार दुखलं का हो?"