इंदूबाई आडवी पडते

गजा पेंटरने त्या बाईचं कोपर तिसऱ्यांदा पुसलं. फोनमधल्या चित्रात ती परदेशी बाई कोचावर आडवी पडली होती. गाल हिरवे, पाय निळे आणि कोपर भलत्याच ठिकाणी वळलेलं. कर्जतच्या फार्महाऊसवाल्या विनिताताईंना ते जसंच्या तसं हाताने रंगवून हवं होतं, आणि न्यायला त्या आज दुपारीच येणार होत्या.

एके काळी शिळफाट्यावर गजाच्या कुंचल्याशिवाय एकही पाटी लागत नसे. एसटीतली माणसं मान वळवून त्याची अक्षरं वाचायची. काय दिवस होते ते! मग फ्लेक्स आले आणि गजाकडे उरल्या त्या फक्त वारलेल्या माणसांच्या तसबिरी. हे चित्र जमलं तर ताई आणखी सहा देणार होत्या. कोपर जमायलाच हवं होतं.

"इंदे, जरा पड बघू खाटेवर. अशी, हात डोक्याखाली."

"भर दुपारी? लोक काय म्हनतील?"

"हलू नको. बोलू पन नको."

चाळीस वर्षांच्या संसारात इंदूबाई दिवसा कधी आडवी झाली नव्हती. नेमकी तेव्हाच शेजारची चिमा विरजण मागायला आली. खाटेवर निपचित इंदूबाई आणि समोर रंगवत बसलेला गजा पाहून ती दारातूनच पळाली.

"इंदूवैनीचं काय खरं नाय! पेंटरनं तसबीरपन काढायला घेतली!"

अर्ध्या तासात घर भरलं. कुणी शहाळं आणलं, कुणी बिस्किटांचे पुडे. गजाची बहीण सोनाबाई रिक्षाने रडत आली आणि थेट चुलीपाशी गेली. इंदूबाई हुकमाप्रमाणे गप्प.

"अगं, तिला काय झालं नाय!" गजा ओरडला.

"आता तरी तिच्यावर खेकसू नको रं दादा," सोनाबाईने आतून हुंदका दिला.

एवढ्यात फोन वाजला. विनिताताई फाट्यावर पोचल्या होत्या. गजाने कोपराला शेवटचा हात फिरवला. जमलं!

"झालं चित्र. ऊठ इंदे, सांग यांना."

इंदूबाईने एक डोळा उघडला. चिमा पाय चेपत होती. आतून फोडणीचा वास येत होता. लग्न झाल्यापासून दुसऱ्याच्या हातची फोडणी तिने अशी पडल्यापडल्या हुंगली नव्हती.

"पाय राह्यलेत ना अजून?" ती हळूच म्हणाली.

पाय कालच पुरे झाले होते. गजा तिच्याकडे पाहत राहिला. भिंतींवर त्याने साबणवाल्या, साडीवाल्या शंभर बाया रंगवल्या होत्या. हिच्याकडे असं बसून कधी पाहिलंच नव्हतं. त्याला फार वाईट वाटलं.

"हां, राह्यलेत," तो म्हणाला. त्याने टर्पेंटाईनमध्ये चिंधी बुडवली आणि चित्रातले दोन्ही निळे पाय पुसून टाकले.